खिळ्याला टेकलेला काटा

माझ्या तबकडीच्या डाव्या टोकाला, जिथे आकडे संपतात, तिथे एक पितळी खिळा आहे. उंची दोन मिलिमीटर, जाडी टाचणीएवढी. काट्याने आकड्यांच्या बाहेर जाऊ नये म्हणून तो बसवलेला असतो. माझा काळा काटा गेले चौदा महिने त्या खिळ्याला टेकून उभा आहे. टेकतो त्या जागी काट्याचा रंग घासून गेला आहे आणि आतले पोलाद दिसू लागले आहे. घासलेली जागा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा मोठी नाही. चौदा महिन्यांपूर्वी ती नव्हती.

मित्रांनो, मी एक जुना वायुभारमापक आहे. आपल्या डोक्यावर जी हवा आहे तिला वजन असते. ते वाढले की आभाळ बहुधा निवळते, भराभर कमी झाले की वारा सुटतो, वादळ येते. हे वाढणे आणि कमी होणे मी काट्याने दाखवतो. याहून जास्त मला काही येत नाही. मी छत्रपती संभाजीनगरात, शहागंजमधल्या एका लहान दुकानाच्या भिंतीवर टांगलेला आहे. माझ्याकडे पाहिले तर तुम्हाला वाटेल की या शहरात चौदा महिने तुफान चालू आहे, कारण त्या खिळ्याजवळ तबकडीवर तसे लिहिले आहे. बाहेर मात्र जानेवारीचे स्वच्छ ऊन पडलेले असते आणि लोक रस्त्यात उभे राहून पेरू खात असतात.

असे का झाले, ते सांगण्यासाठी मला बरेच मागे जावे लागेल.

माझ्या पोटात धातूची एक चपटी डबी आहे. मला घडवणाऱ्या कारागिराने तिच्यातली हवा काढून घेतली आणि तोंड झाळून बंद केले. बाहेरची हवा त्या डबीला दाबते. डबी केसाच्या जाडीएवढी आत जाते किंवा बाहेर येते. तिला जोडलेली स्प्रिंग, तरफ आणि एक बारीक साखळी ती एवढीशी हालचाल वाढवून काळ्या काट्यापर्यंत नेतात. काळा काटा माझा. त्याच्यावर, काचेला बसवलेला, दुसरा एक पितळी काटा आहे. तो माझा नाही, तो माणसाचा. काचेच्या मध्यभागी गुंडी आहे. ती फिरवून माणसाने पितळी काटा काळ्याच्या बरोबर वर आणून ठेवायचा आणि आपल्या कामाला जायचे. काही तासांनी येऊन पाहावे. काळा हललेला असतो, पितळी ठेवला तिथेच असतो. दोघांमध्ये जे अंतर पडते, ती बातमी. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

साठ वर्षांहून अधिक काळ झाला, मी लाकडाच्या भुशात गुंडाळलेला, एका पेटीतून या शहरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आलो. मुले रांगेने येत, वाकून माझा आकडा वाचत, वहीत उतरवत. अचूक वाचणाऱ्याला सर शाबासकी देत, तेव्हा मलाही बरे वाटे. मग चमकते आकडे दाखवणारी नवी यंत्रे आली. एका उन्हाळी सुट्टीत माझी साखळी तुटली. ती कोणी जोडली नाही. अकरा वर्षे मी कपाटाच्या डोक्यावर पडून होतो. पुढे एक यादी झाली, तिच्यात माझे नाव 'निरुपयोगी' या रकान्यात लिहिले गेले आणि मी भंगारात गेलो.

भंगाराच्या ढिगातून मला गयासभाईंनी उचलले. घड्याळे, शिवणयंत्रे, डॉक्टरांची रक्तदाबाची यंत्रे, जे येईल ते गयासभाई दुरुस्त करत. त्यांनी माझ्यासाठी एका जुन्या खिशातल्या घड्याळाची साखळी काढली आणि तीन संध्याकाळी बसून ती मला जोडली. मग त्यांनी माझ्या पाठीवरचा छोटा स्क्रू फिरवला. त्याला ते पेच म्हणतात.

हा पेच काय करतो ते सांगतो. आपले शहर समुद्रापेक्षा पावणेसहाशे मीटर उंच आहे. जितके उंच जावे तितकी डोक्यावरची हवा कमी. त्यामुळे समुद्रकाठी जो आकडा दिसेल त्याच्यापेक्षा इथे माझा काटा पासष्ट मिलिबार, म्हणजे तबकडीवरची पासष्ट घरे, खाली असतो. पेच फिरवून तेवढा फरक भरून काढला की काटा तबकडीच्या मध्यावर येतो आणि मी इथला होतो. उलटा फिरवला की मी समुद्रावरचा होतो. दोन्हीकडचा एकाच वेळी मला होता येत नाही.

गयासभाईंची मुलगी कहकशा तेव्हा नऊ वर्षांची होती. शाळेतून आली की ती माझ्या काचेवर नखाने दोन टिचक्या मारी, म्हणजे अडकलेला काटा मोकळा होतो, आणि आकडा मोठ्याने वाची. तिने महिनाभर वही ठेवली आणि एक गोष्ट शोधून काढली. सकाळी दहाला काटा सर्वांत वर असे, आणि दुपारी चारला तीन मिलिबार खाली. रोज.

"अब्बा, मग रोज दुपारी वादळ यायला पाहिजे ना?"

"नाही बेटा," गयासभाई म्हणाले. "ही दुपारची उतरण. आपल्याकडची हवा रोज असंच करते. हिचं मनावर घ्यायचं नाही."

त्या घरात दख्खनी बोलतात. मी तुम्हाला सगळे मराठीत सांगतो आहे, त्यांचे काही शब्द तसेच ठेवून.

कहकशा भौतिकशास्त्र शिकली, एम.एस्सी. झाली. तिचे लग्न चितेगावच्या जुनेदशी झाले. जुनेद जहाजांवर इंजिनाचे काम करत असे. दहा वर्षांच्या नोकरीनंतर त्याने ग्रीसमध्ये एक जुनी कॅटमरान घेतली होती. कॅटमरान म्हणजे दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी ठेवून मध्ये ओसरी टाकावी तशी शिडाची बोट. त्याने तिचे नाव 'सबा' ठेवले होते. उन्हाळ्यात पाहुण्यांना बेटांमधून फिरवायचे आणि वर्षभर बोटीवरच राहायचे, असा त्याचा बेत होता. कहकशालाही तो बेत आवडला होता.

ती निघाली त्या दिवशी गयासभाईंनी मला भिंतीवरून उतरवले आणि माझा पेच उलटा फिरवला. काटा घसरत घसरत खिळ्याला जाऊन टेकला. शेजारच्या जाहेदा खाला पाहत होत्या.

"गयासभाई, पोरीला निघताना तुफान देताय हातात?"

"तुफान इथं दिसतंय आपा. हे आता इथलं राहिलं नाही. तिथं पोचू द्या, आपोआप जागेवर येईल."

तसेच झाले. 'सबा'च्या भिंतीवर मला लावले तेव्हा माझा काटा खिळा सोडून वर आला आणि एक हजार चौदावर थांबला. कहकशाने वडिलांना फोन लावला आणि नुसता आकडा सांगितला. पलीकडून गयासभाई म्हणाले, "बरोबर बसलं."

भूमध्य समुद्रावर मी अकरा वर्षे राहिलो. लोकांना वाटते बोटीवर राहणे म्हणजे रोज सहल. तसे नसते. गोड पाणी टाकीत असते तेवढेच, म्हणून भांडी आधी खाऱ्या पाण्यात घासायची आणि मग कपभर गोड पाण्यात विसळायची. ओल सगळीकडे शिरते, मिठाच्या डब्यात, गादीत, वहीच्या पानांत. कहकशा इथून नेलेले ज्वारीचे पीठ काचेच्या बरण्यांत बंद करून ठेवी आणि सुट्टीच्या दिवशीच काढी. कॅटमरान एका अंगावर कलत नाही, त्यामुळे टेबलावरचा चहाचा कप जागचा हलत नसे. पण दोन होड्यांच्या मधून लाट खालून आपटली की सगळ्या कपाटांची दारे एकदम वाजत. हिवाळ्यात बोट धक्क्याला बांधून ठेवत आणि पावसाचा आवाज ऐकत तिघे पत्ते खेळत. तिघे, कारण पहिल्याच वर्षी महेजबीन झाली होती. ती त्या टेबलावर लिहायला शिकली. तिच्या खोलीत दोन कप्पे तिचे होते आणि छताला तिची स्वतःची एक झडप होती, जिच्यातून ती डोके बाहेर काढून चंद्र पाही.

दर तीन तासांनी कहकशा येई, दोन टिचक्या मारी, आकडा मोठ्याने सांगी, आणि जुनेद असेल तिथून "हौ" म्हणे. मग ती पितळी काटा काळ्यावर ठेवी. हा त्यांचा नेम होता. आधी सांगायचे, मग काटा फिरवायचा. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली वर्षे. मी अंतर दाखवत होतो आणि कोणीतरी ते बोलून दाखवत होते.

मित्रांनो, आता जे सांगायचे आहे ते सांगायला मला बरे वाटत नाही.

तो ऑक्टोबर होता, हंगामाचे शेवटचे पाहुणे बोटीवर होते. त्या उन्हाळ्यात कहकशाने माझा काटा पाहून दोनदा निघणे लांबवले होते, आणि दोन्ही वेळा वादळ बाजूने निघून गेले होते. आदल्या दिवशी जेवताना जुनेद पाहुण्यांना म्हणाला, "आमच्या कॅप्टनसाहेबांना रोजच तुफान दिसतं. कधी कधी तर चहाच्या कपात दिसतं." पाहुणे हसले. कहकशाही हसली, पण तिने ताट अर्धेच संपवले.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना पलीकडच्या बेटावर सोडायचे होते, त्यांचे विमान होते. चार तासांचे अंतर. सकाळी दहाला कहकशाने पितळी काटा नीट काळ्यावर लावला. दुपारी एकला ती पुन्हा आली. टिचक्या मारल्या. काळा काटा पाच मिलिबार खाली होता.

ती काही बोलली नाही.

तिच्या मनात काय आले ते मला ओळखू आले. तिला वडिलांचे दुकान आठवले. दहाला वर, दुपारी खाली. दुपारची उतरण, हिचं मनावर घ्यायचं नाही. पण ती विज्ञान शिकलेली बाई होती. त्या समुद्रावर तशी उतरण जवळजवळ नसते, हे तिला ठाऊक होते. आणि इथली उतरण सहा तासांत तीनची असते, तीन तासांत पाचची नसते, हेही तिला ठाऊक होते. वर पाहुणे हसत होते. मग तिने गुंडी धरली, पितळी काटा खाली आणून काळ्यावर ठेवला आणि ती स्वयंपाकघरात गेली.

वीस मिनिटांनी जुनेद हात पुसत खाली आला. त्याने काच वाजवली. दोन्ही काटे एकावर एक. दहाला लावलेला काटा तसाच आहे, असे त्याला वाटले. दुसरे काय वाटणार?

"शांत आहे," तो वर ओरडला. "निघू या."

मी मुका आहे, मित्रांनो. काचेच्या आत राहून मी फक्त अंतर दाखवू शकतो, आणि ते अंतर पुसले गेले होते.

तीनच्या सुमारास वारा आला. तो कसा होता याचे वर्णन मी करणार नाही. जुनेद सुकाणूवर होता, कहकशा शीड उतरवायला धावली. महेजबीनच्या खोलीची झडप उघडी राहिली होती आणि पाणी तिच्या वह्यांवर पडत होते. ती झडप ओढून घ्यायला चढली. बोट लाटेवर आपटली, झडप सुटली आणि तिच्या डाव्या हाताच्या दोन बोटांवर पडली. किनारा लागायला आणखी तीन तास होते.

त्या रात्री इस्पितळातून आल्यावर जुनेदने मला भिंतीवरून काढले, टॉवेलात गुंडाळले आणि पेटीत टाकले. "खोटं बोललं हे," तो म्हणाला. "भंगारातलं ते भंगारातलंच." कहकशा दारात उभी होती. तिने ऐकले आणि ती पाणी आणायला गेली.

बोट एका बेटावरच्या यार्डात जमिनीवर, लाकडी ठोकळ्यांवर चढवली गेली. तिघे दोन महिन्यांसाठी इकडे आले, महेजबीनच्या बोटांच्या उपचारांसाठी. दोन महिन्यांचे चौदा झाले. जुनेदने चितेगावच्या एका कारखान्यात यंत्रदुरुस्तीचे तात्पुरते काम धरले. कहकशा एका शिकवणीत भौतिकशास्त्र शिकवू लागली, तीही तात्पुरती. महेजबीनच्या शाळेच्या फॉर्मवर कायमच्या पत्त्याचा रकाना होता, तो कहकशाने कोरा ठेवला. उन्हाळ्यानंतर बघू, असे जुनेद म्हणे. ईदनंतर बघू, असे कहकशा म्हणे. बोटीचे नाव काढले की दोघांपैकी एकाला काहीतरी काम आठवे.

मला मात्र गयासभाईंनी पहिल्याच आठवड्यात पेटीतून काढले. त्यांनी मला एका मोठ्या काचेच्या बरणीत ठेवले, हातपंपाने बरणीतली हवा कमी-जास्त केली आणि माझे आकडे तपासले. एकदा नव्हे, तीन दिवस, तीनदा. मग त्यांनी मला भिंतीवर टांगले. काटा खिळ्यावर, तुफानावर.

"पेच फिरवणार नाही का, अब्बा?" कहकशाने विचारले.

"तुमचं ठरलं की फिरवतो. इथं राहणार असाल तर याला इथलं करतो. जाणार असाल तर असंच राहू दे." मग त्यांनी चष्मा काढला. "पण लवकर ठरवा. असंच दाबून राहिलं तर याची स्प्रिंग बसेल. मग ना इथलं, ना तिथलं."

बोलताना ते मुलीकडे पाहत नव्हते. चष्म्याची काच पुसत होते. यंत्र खरे निघाले म्हणजे चूक दुसरीकडे कुठेतरी आहे, एवढे त्या म्हाताऱ्या कारागिराला कळले होते. पण विचारणे त्यांना जमले नाही.

समोर बन्सीचे सुतळी आणि दोरखंडांचे दुकान आहे. तो मूळचा वैजापूरकडचा. सकाळी शटर उघडले की तो पहिल्यांदा माझ्याकडे बघतो.

"गयासभाई, लई दिस झाले तुमच्या भिंतीवर वादळ हाय. एखादी छत्री तरी आणू द्या आम्हाला."

"आण की. दोर विकून छत्री परवडते का बघ."

"ते बिघडलंय व्हय?"

"नाय बिघडलं."

"मग आम्हीच बिघडलो म्हणायचं," बन्सी म्हणे आणि आपल्या गुंडाळ्या लावायला लागे.

महेजबीन दर रविवारी आजोबांच्या दुकानात बसते. तिची दोन बोटे पूर्ण वाकत नाहीत. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले होते, ते ती कंटाळून सोडून देई. मग गयासभाईंनी स्वतःचा व्यायाम काढला. एका बशीत घड्याळांचे बारीक स्क्रू ठेवायचे, डाव्या हातात चिमटा धरायचा आणि एकेक उचलून दुसऱ्या बशीत टाकायचा. पहिल्या महिन्यात तिला एकही जमला नाही. स्क्रू उडून बन्सीच्या दुकानापर्यंत जात आणि तो ते परत आणून देई. आता ती दहा-बारा उचलते.

आज रविवारी सकाळी यार्डाकडून जुनेदला निरोप आला. बोट पाण्यात उतरवायची की विकायची, ते सोमवारपर्यंत कळवा. एक जोडपे पाहून गेले आहे, त्यांना आवडली आहे. जागा आम्हाला मोकळी करायची आहे. जुनेद फोन हातात घेऊन दुकानात आला. कहकशा आधीच तिथे होती, काउंटरवर एका घड्याळाची काच पुसत. मीही वरून पाहत होतो.

"नाना, आज चौदा स्क्रू," महेजबीन आजोबांना म्हणाली. तिने चिमटा खाली ठेवला आणि छोटा पेचकस उचलला. "आता याचा पेच मी फिरवू? मी हिशेब करून पाहिलाय. पासष्ट."

"हिशेब बरोबर आहे," गयासभाई म्हणाले. "पण राहता कुठं तुम्ही?"

"ते यांना विचारा." तिने हनुवटीने आई-वडिलांकडे दाखवले.

"फिरव, बेटा," जुनेद म्हणाला. "नाही तरी खोटंच आहे ते. तिथं खोटं, इथंही खोटं. काय फरक पडतो?"

तो हसला. दुसरे कोणी हसले नाही.

"दामाद मियाँ, मी याला तीनदा तपासलंय," गयासभाई हळू म्हणाले. "हे खोटं नाही."

"मग त्या दिवशी दोन्ही काटे एकावर एक कसे होते? दहाला लावलेला काटा एक वाजून गेल्यावरही तिथंच. मी काच वाजवून बघितलं, अब्बाजी. या डोळ्यांनी. मी त्याच्यावर भरवसा ठेवला आणि पोरीची..." तो थांबला. महेजबीन समोरच होती.

कहकशाने घड्याळाची काच फडक्यावर ठेवली.

"पितळी काटा मी फिरवला होता," ती म्हणाली.

जुनेदला आधी कळले नाही. "कधी?"

"एकला. तुम्ही यायच्या आधी. काळा उतरला होता. मी बघितलं, आणि पितळी त्याच्यावर आणून ठेवला. सांगितलं नाही."

"किती उतरला होता?"

"पाच."

"तीन तासांत?"

"तीन तासांत."

समोरून बन्सीने हाक दिली, "चहा सांगू का, चार?" गयासभाईंनी हाताने नको म्हटले. जुनेदने फोन काउंटरवर उपडा ठेवला.

"मी आदल्या दिवशी मस्करी केली म्हणून?"

"मस्करी तुमची होती. गप्प मी बसले."

"मला माहीत होतं," महेजबीन म्हणाली. तिने पुन्हा चिमटा घेतला होता आणि ती बशीतून मान वर काढत नव्हती. "मी टेबलावरच होते. अम्मीनं गुंडी फिरवली आणि माझ्याकडे बघितलं."

कहकशाचा चेहरा मी अकरा वर्षे दर तीन तासांनी जवळून पाहिला आहे. असा कधी पाहिला नव्हता.

"मग बोलली का नाहीस, बेटा?" गयासभाईंनी नातीला विचारले.

"कुणीच बोलत नव्हतं," ती म्हणाली. चिमट्यातला स्क्रू सुटला आणि टेबलाखाली गेला. तो उचलायला कोणी वाकले नाही.

जुनेद बाहेर जाऊन पायरीवर उभा राहिला. रविवारचा बाजार भरला होता, त्याला वाट देत लोक बाजूने जात होते. आत आला तेव्हा त्याचा आवाज चढलेला नव्हता, उलट खाली गेला होता.

"चौदा महिने मी चितेगावला नट आवळतोय आणि रोज मनात तेच. काच आणखी एकदा वाजवली असती तर. दहा मिनिटं थांबलो असतो तर. तुला दिसत होतं ना मी काय करतोय स्वतःचं?"

"दिसत होतं."

"आणि तरी?"

"तरी."

त्याने माझ्याकडे पाहिले. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. हात वर करून त्याने माझी काच अंगठ्याने पुसली, एवढेच. माफी मागितली असे मी म्हणत नाही. पण मला ते पुरले.

"उद्या कळवायचंय," तो कहकशाला म्हणाला. "मी नाही सांगणार. मी निघू म्हटलं की तू निघतेस, राहू म्हटलं की राहतेस, आणि मनातलं मनातच ठेवतेस. आज तू सांग. जे असेल ते. ऐकू येईल असं सांग."

मित्रांनो, मला काय हवे होते ते कोणी विचारणार नव्हते, आणि ते बरोबरच आहे. मला समुद्र हवा होता. मला एक हजार चौदा हवे होते, दर तीन तासांनी दोन टिचक्या हव्या होत्या. पण बेसुमार दाबून राहिलेली स्प्रिंग फार काळ टिकत नाही, हेही मला माहीत होते. तुमच्या घरात, शाळेत माझ्यासारखे एखादे जुने यंत्र असेल तर त्याची काच पुसत जा, त्याला तेल देत जा. पण तेवढ्याने आमची काळजी घेतल्यासारखे होत नाही. आमच्याकडे बघा, आणि जे दिसले ते शेजारच्याला सांगा. तो हसला तरी सांगा. सांगून झाल्यावरच काटा फिरवा. माझे मागणे एवढेच आहे.

कहकशा उठून माझ्यापाशी आली. तिने नखाने दोन टिचक्या मारल्या. काटा हलला नाही, हलणे शक्यच नव्हते. तिने वळून मुलीला विचारले, "तुला काय वाटतं?"

"मला कुठंही चालेल," महेजबीन म्हणाली. "पण एकदाचं ठरवा. माझं अर्धं सामान तिथल्या कप्प्यांत आहे."

कहकशाने मान हलवली. मग जुनेदकडे पाहून ती बोलली, आणि बोटीवर ज्या आवाजात आकडा सांगायची त्याच आवाजात बोलली, इतक्या स्पष्टपणे की समोर दोर मोजत असलेल्या बन्सीचाही हात थांबला.

"बोट विकायची. आपण इथं राहायचं. अब्बा, पेच फिरवा."